कुलपाचा कान

मराठीत किल्लीही आहे आणि चावीही आहे. किल्ली घरची, चावी पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर किनाऱ्याला लागली आणि पुढे आपल्याच घरची होऊन बसली. कोंकणी बोलणाऱ्यांना तर ती कधी काळी परकी होती असे सांगितले तरी खरे वाटत नाही. आम्ही राहतो हैदराबादेत. येथला दख्खनी बोलणारा शेजारी 'चाबी' म्हणतो आणि तेलुगू बोलणारा 'ताळम् चेवी' म्हणतो. ताळम् म्हणजे कुलूप, आणि तेलुगूत चेवी म्हणजे कान. भाषापंडित या चेवीचेही मूळ लिस्बनपर्यंत नेऊन पोचवतील. त्यांना आमची हरकत नाही. पण कुलपाला कान असतो ही कल्पना आम्हांला प्रथम ऐकल्यापासून आवडली. त्या वेळी ती नुसती कल्पना होती. अलीकडे मोटारींच्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली आहे.

जुन्या किल्लीला कान नव्हते, दात होते. ते दात कुलपाच्या पोटातल्या खाचांशी जुळले की कुलूप उघडे, न जुळले की बंद. तिला आवाज असेल तर तो जुडग्याचा. आमच्या आजीच्या कमरेचा जुडगा माजघरात आधी ऐकू येई आणि आजी मागून दिसे. तो जुडगा सुनेच्या हाती गेला म्हणजे घरातली सत्ता हस्तांतरित झाली, हे सांगायला कोणाला कागद करावा लागत नसे. देवळात शेजारती होऊन गाभाऱ्याचे दार लागले की किल्ली ज्याच्या घरी जाते त्याच्याकडे पहाटेपर्यंत साऱ्या महाजनांचा विश्वास वस्तीला जातो. कायदाही याच समजुतीवर उभा आहे. वस्तुविक्रीच्या 1930 च्या कायद्यातले कलम 33 सांगते की, जे कृत्य उभय पक्षांनी ताबा दिल्यासारखे मानायचे ठरवले, किंवा ज्यायोगे माल खरेदीदाराच्या ताब्यात जातो, ते कोणतेही कृत्य म्हणजे ताबा देणेच होय. याचे वर्गातले ठरलेले उदाहरण गोदामाच्या किल्लीचे. हजार पोत्यांपैकी एकाही पोत्याला हात न लावता एक लोखंडाचा तुकडा ह्या हातातून त्या हातात गेला की हजारही पोती गेली. विद्यार्थिदशेत हे उदाहरण ऐकताना कायद्यात थोडे काव्यही आहे असे आम्हांला वाटले होते. पुढे वकिली सुरू केल्यावर ते मत बरेच सौम्य झाले, पण किल्लीपुरते अजून टिकून आहे.

आता ही मोटारीची नवी किल्ली पाहा. ती किल्लीसारखी दिसतच नाही. नदीतल्या गुळगुळीत गोट्यासारखा काळा प्लास्टिकचा तुकडा, त्यावर तीन-चार बटणे. लोक तिला रिमोट म्हणतात, दुकानदार स्मार्ट किल्ली म्हणतो. दूरवरून मोटारीचे दार उघडण्याची ही युक्ती 1982 साली फ्रान्समधल्या रेनो कंपनीच्या फुएगो नावाच्या गाडीत प्रथम बाजारात आली. ती शोधणाऱ्या पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच लोक अशा किल्लीला 'प्लिप' म्हणू लागले. शोधकाचे आडनाव एवढ्या थोड्या अक्षरांत जिवंत राहिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही.

तिच्या करामती आता लहान मुलांनाही पाठ असतात. मालक जवळ आला की गाडी दिवे लावून त्याचे स्वागत करते, मिटलेले आरसे कानांसारखे बाहेर काढते. हात सामानाने भरलेले असतील तर पाय हलवताच मागचा दरवाजा वर होतो. हैदराबादेत मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. दुपारी न्यायालयाच्या आवारात उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टी. अशा वेळी बटण दाबून धरले की चारही काचा आपोआप खाली येतात आणि आपण पोचेपर्यंत आतली आग बाहेर निघून जाते. या एका सोयीसाठी आम्ही त्या अज्ञात अभियंत्यांना मनोमन अनेकदा आशीर्वाद दिले आहेत. सोयींना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ज्याला उन्हाची किंमत ठाऊक आहे तो सावलीची चेष्टा करीत नाही.

या किल्लीचे काम कसे चालते, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. बटण दाबले की तिच्यातून रेडिओलहर निघते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तिची आंदोलने सेकंदाला सुमारे 43 कोटी 30 लक्ष. ती लहर एक सांकेतिक आकडा घेऊन जाते. तो आकडा रोज एकच असता तर जवळपास दबा धरून बसलेल्या चोराने तो एकदा टिपून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी तोच ऐकवून दार उघडावे, इतके सोपे झाले असते. म्हणून प्रत्येक वेळी आकडा बदलतो. किल्ली आणि गाडी यांच्यात आधीच एक गुप्त सूत्र ठरलेले असते आणि त्या सूत्राने दोघीही पुढचा आकडा आपापल्या मनाशी काढतात. गडाचा परवलीचा शब्द रोज रात्री बदलत असे, तसे हे आहे. फक्त येथे शब्द प्रत्येक हाकेला बदलतो आणि तो सांगायला हवालदार लागत नाही.

गडाचा विषय निघाला की हैदराबादकराला गोवळकोंडा आठवल्याशिवाय राहत नाही. पाहुणा आला की आम्ही त्याला फत्ते दरवाज्याच्या घुमटाखाली उभे करतो आणि टाळी वाजवायला सांगतो. ती टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, टेकडीच्या माथ्यावर बाला हिसारच्या मंडपात ऐकू येते. तार नाही, वीज नाही. केवळ दगडांच्या कोनांनी आवाज वर पोचवला. दरवाज्यापाशी कोण आले हे माथ्यावर कळावे, अशी ती योजना. कुतुबशाही गवंड्यांनी किल्ल्याला कान बसवला होता. हैदराबादेत 1677 साली शिवछत्रपतींची आणि अबुल हसन तानाशाहाची भेट ठरली तेव्हा दारे सन्मानाने उघडली गेली. पुढे दहा वर्षांनी औरंगजेब आला. त्याने आठ महिने वेढा दिला, तोफा डागल्या, सुरुंग लावले. कोट पडला नाही. अखेर 1687 च्या सप्टेंबरात एका रात्री अब्दुल्ला खान पनी नावाच्या आतल्याच अधिकाऱ्याने पैसे घेऊन दार उघडून दिले. अब्दुर रझाक लारी हा एकटा सरदार अंगावर जखमांवर जखमा झेलीत लढत राहिला, आणि त्याच्या निष्ठेपुढे नमून खुद्द औरंगजेबाने त्याच्या उपचारासाठी वैद्य धाडले असे इतिहास सांगतो. कान शाबूत होता, भिंती शाबूत होत्या. आवाज ओळखीचा होता, इतकेच.

मोटारीच्या किल्लीचेही नेमके असेच झाले. बटण दाबण्याचेही कष्ट नकोत म्हणून पुढची सुधारणा निघाली. किल्ली खिशात राहू द्यावी, मालकाने दाराच्या मुठीला नुसता हात लावावा. हात लागताच गाडी हलक्या आवाजात विचारते, 'कोण आहे?' ही विचारणा सेकंदाला सव्वा लक्ष आंदोलनांच्या मंद लहरीवर होते आणि ती हात-दोन हातांच्या पलीकडे फारशी ऐकू जात नाही. खिशातली किल्ली ती ऐकते, गुप्त सूत्राने उत्तर काढते आणि आपल्या मोठ्या लहरीवर कळवते, 'मी आहे.' दार उघडते. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होते, आणि ज्याच्या नावाने 'मी' म्हटले गेले त्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

आम्हां वकिलांच्या भाषेत या व्यवहाराला नाव आहे. आपण त्या काळ्या गोट्याला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले आहे. जुनी किल्ली मुखत्यार नव्हती, हत्यार होती; हात तिला फिरवी तेव्हाच ती फिरे. नवी किल्ली आपल्या वतीने बोलते. आपण जागे असताना बोलते तशी आपण झोपलेले असतानाही बोलते. कोणी विचारायचा अवकाश.

आणि विचारणारा गाडीच असेल असे नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या गाड्या तपासल्या आणि त्या दहाही एकाच युक्तीने उघडून दाखवल्या. एक यंत्र गाडीजवळ धरायचे, दुसरे किल्लीजवळ. पहिल्याने गाडीचा प्रश्न उचलायचा आणि दुसऱ्याने तो किल्लीच्या कानाशी नेऊन सांगायचा. किल्ली घरात दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते. मालक आत निजलेला असतो. किल्लीला प्रश्न खरा वाटतो, कारण तो खराच असतो. ती खरे उत्तर देते. ते उत्तर गाडीपर्यंत पोचवले जाते. कोठे काच फुटत नाही, सूत्र कोणी उलगडत नाही, कुलूप कोणी तोडत नाही. दोन इमानदार सेवकांचे बोलणे मध्यस्थाने फक्त लांबवलेले असते. पुढे यावर उपाय निघाले. काही काळ हालचाल झाली नाही की झोपी जाणाऱ्या किल्ल्या आल्या, उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजणाऱ्या आल्या. घरगुती उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. त्यात किल्ली ठेवली की तिला बाहेरचे बरेचसे ऐकू येईनासे होते. आमच्या एका अशिलाच्या घरी लक्षावधींच्या मोटारीची किल्ली रात्री रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात निजते. हसू येते, पण डबा खोटा नाही.

न्यायालयात मात्र याचे हसू होत नाही. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी पहिल्याने दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दोन्ही हजर असतील तर मालकाने गाडी नीट बंद केली होती असा समज, एक नसेल तर मालकाकडेच संशयाची नजर. विमापत्रात मालकाने गाडीची वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते, आणि वाजवी काळजी म्हणजे काय यावर वकिलांची पोटे भरतात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका ट्रकचे प्रकरण आले होते. चालक किल्ली आतच ठेवून खाली उतरला आणि ट्रक चोरीला गेला. हलगर्जी झाली खरी, पण तेवढ्याने विमा साफ बुडत नाही, असे धरून न्यायालयाने मागणीच्या 75 टक्के रक्कम देवविली. तेथे प्रश्न सोपा होता. किल्ली कुठे होती हे सर्वांना ठाऊक होते. आता ज्या मालकाची किल्ली उशाशी होती, दोन्ही किल्ल्या शाबूत आहेत आणि गाडी मात्र पहाटे नाही, त्याने आपली काळजी कशी सिद्ध करावी? 'माझी किल्ली माझ्या नकळत हो म्हणाली' हे विधान शपथपत्रात कसे लिहावे याचा आम्ही बराच विचार केला आहे.

गाडीबरोबर किल्ल्या दोन मिळतात. पहिली वापरात असते; दुसरी कपाटात, दागिन्यांच्या पेटीजवळ, आणि बहुधा विस्मृतीत. दुसरी किल्ली असणे आणि ती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगन्नाथपुरीने साऱ्या देशाला दाखवले. 2018 साली रत्नभांडाराच्या आतल्या दालनाची पाहणी करायची ठरली तेव्हा त्याच्या किल्ल्याच सापडेनात. मग चौकशी आयोग नेमला गेला. तेवढ्यात जिल्हा कचेरीत 'दुसऱ्या किल्ल्या' असे लिहिलेले पाकीट सापडले. सहा वर्षे गेली. 14 जुलै 2024 रोजी दालन उघडायला माणसे गेली, पाकिटातल्या किल्ल्या कुलपांना लावून पाहिल्या, त्या लागल्या नाहीत. दंडाधिकाऱ्यांसमक्ष कुलपे तोडावी लागली. देवाच्या घरी हे, तर आपली काय कथा.

आमच्या काकांच्या गाडीलाही अशा दोन किल्ल्या होत्या. काका लेखा खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबात पै-पैची चूक शोधलेले. सत्तरी उलटल्यावर त्यांनी परदेशातल्या मुलाच्या आग्रहाने वरच्या प्रतीची मोटार घेतली. कर्मनघाटच्या हनुमंतापुढे तिची पूजा झाली. चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फुटला, झेंडूची माळ चढली. पुजाऱ्यांनी 'किल्ली द्या, स्वामींच्या पायांशी ठेवतो' म्हणताच काकांनी तो काळा गोटा पुढे केला. पुजारी क्षणभर थबकले, मग त्यांनी त्याला कुंकू लावले. तीर्थ मात्र हात आखडता घेऊन शिंपडले. काका म्हणाले, 'यांना वीज कळते.' दसऱ्याला शमीची पाने देवघरात आली की त्यांतले एक पान त्या किल्लीबरोबर ताम्हनात असे.

त्या गाडीत एक सोय होती. किल्ल्यांना क्रमांक दिलेले होते, आणि ज्या क्रमांकाची किल्ली जवळ येई त्याप्रमाणे चालकाची बैठक मागेपुढे होई, आरसेही त्या मापाला वळत. काका सहा फुटांचे. क्रमांक 1 त्यांची. दार उघडताच बैठक घरघरत मागे सरके. क्रमांक 2 आमच्याकडे दिलेली असे, कारण काकूंना दवाखान्यात नेणे-आणणे आम्ही करीत असू. आमची उंची बेताची. तेव्हा तीच बैठक पुढे येई.

काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर कागदांचे काम आमच्याकडे आले. मालक वारला तर नियमाप्रमाणे तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे, म्हणजे वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत नमुना 31 भरून नाव बदलून घ्यायचे. आम्ही सूचना तयार केली, मुलाचे संमतिपत्र परदेशातून मागवले, आणि काकूंची सही घ्यायला गेलो. त्या म्हणाल्या, 'आज मला देवळात ने,' आणि खुंटीवरची किल्ली काढून हातात दिली. ती क्रमांक 1 ची होती. इकडे इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेला सेलर म्हणतात. सेलरमध्ये आम्ही दाराला हात लावला. दिवे लागले, आरसे उघडले, आणि बैठक घरघरत पूर्ण मागे गेली.

करारविषयक 1872 च्या कायद्यात कलम 201 आहे. मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्यारी संपते. हे कलम आम्ही किती वेळा वाचून दाखवले असेल याची गणती नाही. किल्लीला ते कोणी वाचून दाखवले नव्हते. ती खिशातून आमच्या वतीने बोलत नव्हती, त्यांच्या वतीने बोलत होती.

आम्ही बैठक पुढे घेण्याच्या बटणाकडे हात नेला तेव्हा काकू डाव्या बाजूच्या दारापाशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, 'तांचें तशेंच आसूं दी.' आम्ही वर गेलो, दुसरी किल्ली आणली आणि मग निघालो. त्यानंतर महिना-दीड महिना आम्ही क्रमांक 2 चीच किल्ली वापरली. क्रमांक 1 खुंटीवर होती. काकू अधूनमधून ती घेऊन एकट्याच सेलरमध्ये जाऊन येतात, असे वॉचमनने आम्हांला सांगितले. आम्ही त्याला पुढे काही विचारले नाही.

गाडी विकणे भाग होते. काकू चालवत नाहीत, मुलगा येत नाही, विम्याचा हप्ता डोक्यावर. नाव काकूंच्या नावे झाले, गिऱ्हाईक ठरले, नमुना 29 आणि 30 वर सह्या झाल्या. गिऱ्हाईक सज्जन आणि सावध. त्याने दोन्ही किल्ल्या मागितल्या, ते त्याच्या हक्काचेच होते. काकूंनी क्रमांक 2 पुढे केली. दुसरीसाठी त्या उठल्या नाहीत.

येथे आम्हांला या नव्या किल्लीचा एक गुण उपयोगी पडला, तो जुनीत नव्हता. जुनी किल्ली मागे ठेवून घेतली असती तर ती कायमचा धोका होऊन राहिली असती. तिचे दात कोणी काढू शकत नाही. नवीला गाडीच्या स्मृतीतून वगळता येते. यंत्रशाळेत गाडीला कॉम्प्युटर जोडायचा आणि अमुक क्रमांकाची किल्ली यापुढे ओळखू नये असे तिला सांगायचे. गिऱ्हाइकाला आम्ही हे समजावले. नवी किल्ली करण्याचा खर्च विक्रीच्या रकमेतून वजा करून देऊ केला. तो म्हणाला, 'आम्मांची वस्तू आम्मांकडे राहू द्या. माझी हरकत नाही.' आम्ही करारात एक कलम वाढवले: किल्ली क्रमांक 1 गाडीच्या स्मृतीतून काढून टाकण्यात आली आहे, तिच्यायोगे गाडी उघडत वा सुरू होत नाही, आणि ती विक्रेतीकडे राहील. हे कलम टंकलेखकाने दोनदा वाचले. त्याला ते निरर्थक वाटले असावे.

यंत्रशाळेत काकू आल्या होत्या. काम दहा मिनिटांचे. ते झाल्यावर यंत्रज्ञाने खात्रीसाठी क्रमांक 1 ची किल्ली घेऊन दाराला हात लावला. गाडी गप्प राहिली. मग गिऱ्हाईक आपली किल्ली घेऊन आत बसले, बैठक आपल्या मापाला घेतली आणि निघून गेले.

ती किल्ली आता काकूंच्या देवघराच्या कप्प्यात ताम्हनाशेजारी आहे. तिच्यातला तीन व्होल्टचा चपटा सेल आम्ही काढून ठेवूया म्हणालो, नाहीतर तो पाझरून आतला भाग खराब करील. काकूंनी तो काढू दिला नाही. बटण दाबले की तिच्यातला लहानसा तांबडा दिवा अजून लागतो.